यंत्राच्या यादीआधी घराचा उंबरा





मागील महिन्यात आपल्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. एका संगणक कंपनीचे प्रतिनिधी आले होते. त्यांचे म्हणणे असे की, शाळेने मागील पाच वर्षांची हजेरीपत्रके, गुणपत्रके, फीच्या पावत्या आणि प्रवेश अर्ज त्यांच्याकडे द्यावेत. त्यांचे यंत्र हे सर्व वाचून दरवर्षी जूनमध्येच सांगेल की, यंदा कोणकोणती मुले शाळा सोडून जाण्याची शक्यता आहे. बैठकीत दोन मते पडली. काही मंडळींना ही काळाची गरज वाटली, काहींना खर्च जास्त वाटला. मला विचारले तेव्हा मी, "विचार करून लिहितो," एवढेच म्हणालो. तो शब्द आज पाळतो आहे. निर्णय मुलांबद्दलचा आहे, म्हणून तो मुलांनी व पालकांनीही वाचावा या हेतूने पत्र न लिहिता वार्तापत्रातच लिहीत आहे.

आधी थोडे स्वतःबद्दल. माझे शिक्षण बुऱ्हाणपूरला हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी आणि कॉलेजात हिंदी. बी.ए.ला अर्थशास्त्र होते. सूरतेत शिक्षक म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी पाचवीच्या वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले, "मुलांनो, मी तुम्हाला चांगली शिक्षा देण्यासाठी आलो आहे." पहिल्या बाकावरची दोन मुले रडवेली झाली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार! त्या दिवशी धडा मीच शिकलो. शब्द तोच असतो, पण गाव बदलले की अर्थ बदलतो. आकड्यांचेही असेच असते, आणि आजच्या विषयात हा धडा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

कंपनीचे प्रतिनिधी वारंवार 'मशीन लर्निंग' म्हणत होते. म्हणजे काय? आपल्या सूरतेचेच उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका, मामा लूमच्या खात्यात किंवा मिलमध्ये कामाला आहेत. ग्रे कापड तपासायला नवा मुलगा लागला की त्याला कोणी पुस्तक देत नाही. तो जुन्या माणसाशेजारी उभा राहतो, हजारो मीटर कापड डोळ्यांखालून घालतो, आणि हळूहळू त्याला तुटलेला धागा, डाग, वाकडी वीण आपोआप दिसू लागते. यंत्राचेही तसेच आहे. त्याला हजारो जुनी उदाहरणे दाखवतात, कोणते चांगले व कोणते वाईट ते सांगतात, मग ते नव्या उदाहरणावर आपला अंदाज देते. मात्र जो दोष त्या नव्या मुलाला कधी दाखवलाच नाही तो त्याला दिसणार नाही, आणि जुन्या माणसाने चांगल्या कापडाला दोष म्हणून दाखवले असेल तर तोही जन्मभर तसेच म्हणत राहील.

ही विद्या टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. २०१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आफ्रिकेतील पाच देशांची उपग्रहाने काढलेली छायाचित्रे यंत्राला दाखवली. रात्रीचे दिवे, दिवसा दिसणारे रस्ते आणि छपरे यांवरून कोणत्या भागात गरिबी जास्त आहे याचा बराच चांगला अंदाज यंत्राने केला. जेथे घरोघर पाहणी करायला पैसा व माणसे नाहीत तेथे हे काम मोलाचे आहे. आपल्या देशातही २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या आकड्यांवरून हिशेब मांडला गेला. २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सरासरी ९० लाखांच्या आसपास लोक कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले, असा तो अंदाज होता. ताप्ती व्हॅलीच्या लाईनीने नंदुरबार, अमळनेरहून जनरलचे तिकीट काढून उधन्याला उतरलेले आपले आजोबा-पणजोबा अशाच मोजणीतले. आणि आपल्या गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रातही शाळागळतीचा धोका असलेली मुले संगणकाच्या साहाय्याने आधीच ओळखण्याचे काम चालते. तेव्हा कंपनीने काही अद्भुत सांगितले असे नाही.

प्रश्न पुढचा आहे. तिकीट सांगते की माणूस आला. तो कोठे झोपतो, किती तास काम करतो आणि त्याचे मूल कोणत्या शाळेत जाते, हे तिकीट सांगत नाही. काम, घर आणि शाळा यांची गाठ फार घट्ट असते. सूरतेइतकी ती क्वचितच कोठे दिसेल. २००१ च्या जनगणनेत सूरत महानगराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, २०११ मध्ये हद्दवाढ धरून ती ४४ लाखांवर गेली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मात्र साडेसातशेच्या आसपास. कारण उघड आहे. कारीगर एकटा येतो. ओडिशातून आलेले अनेक लूम कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतात, आणि एकाच खोलीत दिवसपाळीचा उठला की त्या जागेवर रातपाळीचा झोपतो. आपली खानदेशी माणसे बहुधा कुटुंबासह आली, म्हणून आपली मुले येथे शाळेत आहेत. हे आपले भाग्य. पण कुटुंब आले म्हणजे खोली आली, खोली आली म्हणजे भाडे आले, आणि भाडे वाढले की खोली बदलते. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, नवागाम करता करता मुलाची शाळा दर खेपेस थोडी लांब जाते.

मग चांगले घर मिळाले की मुलाचे भले होते का? हा प्रश्न जगातल्या मोठ्या अर्थतज्ज्ञांनी विचारला आहे, आणि त्यांची उत्तरे वाचून मी थक्क झालो.

अमेरिकेत १९९४ साली पाच शहरांत एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या काही कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. मूळचे दिल्लीचे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, तेरा वर्षांच्या आत जी मुले नव्या वस्तीत गेली त्यांची तरुणपणची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. जितके लहान वय तितका जास्त फायदा.

आता आपल्या शेजारचे अहमदाबाद घ्या. तेथे १९८७ साली झोपडपट्टीत राहणाऱ्या विडी कामगार महिलांसाठी घरांची सोडत निघाली. नवी घरे चांगली होती, पण शहराच्या काठावर, जुन्या वस्तीपासून सुमारे बारा किलोमीटर दूर. शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी घरवाटपानंतर चौदा वर्षांनी काय झाले ते तपासले. घर लागलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कुटुंबे तेथे राहायला गेलीच नाहीत. आणखी जवळपास तेवढीच पुढे परत फिरली. कुटुंबाच्या कमाईत किंवा मुलांच्या प्रगतीत काही फरक पडलेला दिसला नाही. उलट नात्यागोत्याची, जातभाईंची, अडीअडचणीला धावून येणारी माणसे दुरावली.

आणि मुंबई? तेथील म्हाडाच्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींचा अभ्यास तनु कुमार यांनी केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेथे घर लागलेल्या कुटुंबांची कमाई वाढली, शिक्षण वाढले, नोकरी करणारे वाढले, आणि हा फायदा तरुण मुलांमध्ये विशेष दिसला. गंमत अशी की, नव्या जागेजवळ शाळा किंवा काम अधिक चांगले मिळाले असा पुरावा सापडला नाही. मुंबईत घर भाड्याने देण्याची मुभा होती. ज्यांना जायचे नव्हते त्यांनी घर भाड्याने दिले आणि ते स्वतः आपल्या कामाजवळ राहिले.

पाहा, प्रश्न एकच आणि तीन ठिकाणी तीन उत्तरे! अमेरिकेच्या आकड्यांवर शिकलेले यंत्र म्हणेल, "घर बदलले, आता मूल पुढे जाणार." अहमदाबादच्या आकड्यांवर शिकलेले म्हणेल, "काही होणार नाही." दोन्ही यंत्रे आपापल्या जागी खरी असतील. सूरतेच्या मुलाला मात्र त्यातले कोणतेच लागू पडेल याची खात्री नाही. 'शिक्षा' या शब्दाची गोष्ट हीच होती.

मग सूरतेबद्दलचे खरे ज्ञान कोठून आले? या बाबतीत आपले शहर श्रीमंत आहे, आणि ते आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६२ साली प्रथम दक्षिण गुजरातेत आले. पुढे कित्येक दशके ते पुन्हा पुन्हा येत राहिले. शेतमजूर, वीटभट्टीवरचे मजूर, लूमचे कारीगर यांच्याशी बोलले, त्यांच्या वस्त्यांत गेले. त्यावर त्यांनी लिहिलेले 'फुटलूज लेबर' हे पुस्तक १९९६ साली आले आणि जगभर वाचले गेले. प्रा. आय. पी. देसाई यांनी १९६९ साली सूरतेत जी संशोधन संस्था उभी केली, तीच आजचे सेंटर फॉर सोशल स्टडीज. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या आवारात ती आहे. आपल्या कितीतरी मुलांनी त्या आवाराबाहेरून बसने प्रवास केला असेल.

ब्रेमन यांच्या कामातला एक भाग तर थेट आपल्याशी संबंधित आहे. १९७०च्या दशकात त्यांनी बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. ते मजूर प्रामुख्याने खानदेशातून आलेले होते. ऊसतोडीत मजुरांची मोजणी 'कोयत्या'वर होते, हे आपल्यापैकी गावाकडच्या मंडळींना माहीत आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते, लेकरू मदतीला असते. मुकादमाच्या वहीत मात्र नोंद एकच, एक कोयता. वही पाहणाऱ्याला वाटेल की काम एकट्याने केले. फडावर जाऊन बसणाऱ्यालाच दिसते की काम दोघांचे किंवा तिघांचे आहे.

हे वाचल्यावर मी आपल्याच शाळेचे प्रवेश अर्ज काढून पाहिले. मन खट्टू झाले. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात जवळजवळ प्रत्येक अर्जावर एकच शब्द आहे, 'गृहिणी'. या गृहिणी काय करतात ते आपण सर्व जाणतो. सकाळी साड्यांचे गठ्ठे घरी येतात. धागा कटिंग, लेस लावणे, स्टोन चिकटवणे, आणि हिशेब नगावर. दिवाळीच्या आधी तर रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असतो. शेजारी बसून मुलगीही धागे कापते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिचा गृहपाठ अपुरा असतो. आम्ही शिक्षक तिच्या वहीत लाल शाईने शेरा मारतो, 'अभ्यासात लक्ष नाही'. मुकादमाच्या वहीत आणि आमच्या रजिस्टरात काय फरक राहिला?

आता कंपनीचे यंत्र कशावर शिकणार? याच रजिस्टरावर. ते शिकेल की, आई घरीच असते, काम करत नाही, तरी मुलीचे लक्ष नाही.

येथे मला माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत येईनासा झाला. वर्गशिक्षकांनी दोनदा निरोप धाडला. जुन्या खोलीला कुलूप होते. नियमाप्रमाणे मी शेरा लिहिला, 'सतत गैरहजर', आणि नाव कमी केले. त्या वेळी कोणतेही यंत्र नव्हते, सही माझी होती. पुढे उन्हाळ्यात उधना स्टेशनावर भुसावळ पॅसेंजरची वाट पाहत असताना त्याची आई भेटली. मी विचारले, "ताई, पोराचं काय झालं?" त्या म्हणाल्या, "सर, घर लागनं, पन पोऱ्यानी शाया सुटी गयी." त्यांना सरकारी आवासमध्ये घर लागले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलाला दोन बस बदलून यावे लागे आणि जाण्यायेण्यात अडीच तास जात. धाकटी बहीण लहान, वडिलांची रातपाळी. घरात आनंदाची गोष्ट घडली होती, आणि तिच्यामुळेच मुलगा शाळेतून गेला. दुसऱ्या वर्षी तो एका खात्यात कामाला लागला. एकदा जरी मी नव्या पत्त्याचा शोध घेतला असता, तर बसच्या पासवर हा प्रश्न सुटला असता.

आमच्या रजिस्टरात तो मुलगा आजही 'सतत गैरहजर' आहे. 'घर लांब गेले' असा रकानाच नाही. तेच रजिस्टर यंत्राला दिले तर माझी एका मुलाबाबतची चूक ते नियम म्हणून शिकेल, आणि प्रत्येक वर्षी, प्रत्येक वर्गाला लावेल. माणसाची चूक एखाद्या स्टेशनावर भेटून खजील तरी करते. यंत्राची चूक कोणाला भेटणार?

हा केवळ माझ्या मनातला खेळ नाही. तेलंगणात हजारो-लाखो रेशनकार्डे रद्द झाली. संगणकाच्या छाननीवरून, घरी न जाता ती रद्द केली, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२२ साली न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितले. म्हणजे शेवटी उंबऱ्यापर्यंत जावेच लागले, फक्त तोपर्यंत कित्येकांचे धान्य बंद राहिले.

काही विश्वस्त म्हणतील, "सर, एवढी मुले, एवढेसे शिक्षक, किती घरी जाणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी यादीच्या विरोधात नाही. कोठे आधी जावे हे यादीने सांगावे. पण त्या मुलाचे काय करावे, हे घरी गेल्याशिवाय ठरू नये. या विचाराने मी विश्वस्त मंडळापुढे चार सूचना ठेवत आहे.

पहिली, यंदा आपली रजिस्टरे कोणत्याही कंपनीला देऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वच असे आहे की, १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरताना पालकांची संमती हवी. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांच्या मुलाबद्दल भाकीत करायचे त्यांना विचारणे ही साधी माणुसकी आहे.

दुसरी, महिन्यात सहा दिवसांहून जास्त गैरहजर असलेल्या मुलांची यादी आपल्याच संगणक कक्षात काढता येते. तिला मोठे यंत्र लागत नाही. यादीतल्या मुलाच्या घरी आठ दिवसांच्या आत शिक्षकाने जावे. दोन शिक्षकांनी घर पाहिल्याशिवाय कोणत्याही मुलाचे नाव कमी होणार नाही, आणि ही अट सर्वप्रथम माझ्या सहीला लागू राहील.

तिसरी, प्रवेश अर्ज बदलावा. आई घरी बसून कोणते काम करते, मागील तीन वर्षांत किती वेळा खोली बदलली, शाळेत यायला किती वेळ लागतो, एवढे तीन रकाने वाढवावेत. पालकहो, या माहितीचा फीशी किंवा प्रवेशाशी काही संबंध राहणार नाही. लिहायचे नसेल तर रकाना कोरा ठेवा. पण 'गृहिणी' लिहिण्याआधी एकदा त्या माउलीच्या हातांकडे पाहा.

चौथी, कंपनीने पहिल्या वर्षासाठी जी रक्कम मागितली आहे तिचा एक निधी करावा. आवास लागल्यामुळे किंवा वस्ती हटल्यामुळे ज्या मुलांचे घर दूर गेले, त्यांचा बसचा पास निदान त्या शैक्षणिक वर्षापुरता शाळेने काढावा. अहमदाबाद आणि मुंबईचे अभ्यास मला हेच शिकवतात की, घर देताना जुने धागे तुटू दिले नाहीत तर घराचा उपयोग होतो. शाळा हा त्यातला एक धागा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. नववीच्या मुलामुलींनी या दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या घरात एकच नोंद ठेवायची. घरातले कोण, कोणते काम, दिवसाला किती तास करते, पगार मिळो अगर न मिळो. नावे लिहायची नाहीत. शाळा उघडल्यावर आपण त्याचा तक्ता करू. तुमच्यातले कोणी उद्या संगणक शिकून अशीच यंत्रे बनवतील, आणि बनवावीत, मला त्याचा अभिमान वाटेल. फक्त त्या दिवशी लक्षात ठेवा की, एका कोयत्यात माणसे किती असतात.

विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय पुन्हा येणार आहे. पालक प्रतिनिधींनी अवश्य यावे आणि माझे काही चुकत असेल तर स्पष्ट सांगावे. स्टेशनावर भेटण्याची वाट पाहू नये.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक